कात्रणांतला कोट

१

हँगर होता, हँगरच्या मानेला गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी होती, आणि समोर हात पुढे करून उभं राहिलेलं गिऱ्हाईकही होतं. कोट तेवढा नव्हता.

गिऱ्हाईक म्हणजे एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. लेकीच्या लग्नात घालायला म्हणून त्यांनी परदेशातल्या मुलाकडून गडद निळं कापड मागवलं होतं. तसलं कापड इथल्या बाजारात दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं. टेलर मास्टरांनी हँगर मागून-पुढून फिरवून पाहिला, मग वळून बायकोला म्हणाले, "कच्ची शिलाई मी स्वतः घातली आणि टांगायला तुझ्या हातात दिला. कुठं ठेवलास?" बायको म्हणाली, कोट आपल्या हातात आलाच नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ तिला बरोबर कळला.

ती लहानपणापासून विसरभोळी. शाळेतून दुसरीचंच दप्तर घेऊन घरी आली होती, ती गोष्ट अजून घरात हसून सांगितली जायची. तिची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणतात, तीही ती गोष्ट रंगवून सांगायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा ताईला हसू आलं नाही. "मावशी, आईसाठी स्मृतिभ्रंशाच्या केंद्रात खोली मिळालीय. उद्या सकाळी गाडी येईल. तुला भेटून जायचं म्हणतेय," एवढंच तो म्हणाला.

ताई हातातला चहा तसाच ठेवून निघाली. आयुष्यभर तिनं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली होती. जळालेली गोदामं, बुडालेला माल, हरवलेले दागिने. त्या नोकरीनं तिला एक खोड लावून ठेवली होती: जे सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असतं, ते ती आधी बाजूला काढून ठेवायची. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. गेला होता तो स्वतःवरचा भरवसा. हल्ली माणसांची नावं जिभेवर येऊन अडकायची, खोलीत गेल्यावर कशाला आलो ते आठवायचं नाही. धाकटीला जे झालंय ते आपल्यालाही होणार, किंवा झालंच आहे, या विचारानं तिला बसमध्ये धड बसवेना.

भाचा दुकानाबाहेरच भेटला. बिचारा वाईट नव्हता, थकलेला होता. आईच्या चुकांचा पाढा त्यानं वाचला. सकाळी उठून पाहतो तर गॅस चालू. दुकानाचं शटर रात्रभर उघडं. ज्या दिवशी गल्लीतली वीज गेली त्या दिवशी फ्रिज रिकामा करायला घेतला, तर आत लोण्याशेजारी कापडावर आखायच्या खडूंचा डबा. आणि आता हा कोट. डॉक्टरांना दाखवलं होतं. बाबांनी सगळं तपशीलवार सांगितलं होतं. आईला प्रश्न विचारले तेव्हा ती अशी गांगरली की साध्या बेरजा चुकली. डॉक्टर म्हणाले, नीट तपासणी करून घ्या. केंद्रवाले म्हणाले, ठेवून जा, आम्ही बघतो.

ताई आत गेली तर धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. शेजारी बांधलेली पिशवी होती. तिनं ताईचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "तू शोध गं कोट. पण मीच कुठं टाकला असला, तर आधी मला सांग. त्यांच्यासमोर नको."

२

दुकान खाली, घर वर. मधे एक अरुंद जिना. ताई दिवसभरात तो किती वेळा चढली-उतरली याचा तिच्या गुडघ्यांनी पुढे आठवडाभर हिशेब मागितला.

आधी मास्टर. कापायच्या मोठ्या टेबलामागं, गळ्यात टेप टाकून, नेहमीसारखे टापटीप. गावातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनी कोट चढवले होते. ताईला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि चेष्टा सुरू केली. "ताई, तुमच्या बहिणीनं कोटच हरवला हे आमचं नशीब. एखाद्या दिवशी मलाच हरवायची."

ताईनं विचारलं, कापड बेतलं कधी?

"झाले की आता..." ते जिन्याकडे वळून म्हणाले, "अगं, कधी बेतलं गं आपण ते निळं?"

वरून उत्तर आलं, "सोमवारी."

"सोमवारी," मास्टर म्हणाले.

त्या दिवशी दुकानात कोण कोण आलं होतं, असं ताईनं विचारलं. पुन्हा जिन्याकडे मान, पुन्हा वरून उत्तर. संसार मुरला की असं होतं, ताईच्या मनात आलं. प्रश्न एकाला विचारावा आणि उत्तर दुसऱ्यानं द्यावं. तिला त्यांचं कौतुकच वाटलं. कोट बायकोच्या हातात दिल्याचं मात्र त्यांनी कुणालाही न विचारता, अगदी डोळ्यांसमोर दिसत असल्यासारखं सांगितलं. खिडकीपाशी उभी होती, ऊन तिच्या खांद्यावर होतं, कोट घेताना ती हसली, इथपर्यंत. चौकशीत असा साक्षीदार मिळाला की दावा तिथंच निकालात निघायचा.

मग मशीनवरचा कारागीर. मास्टरांच्या हाताखाली शिकून तयार झालेला, आता स्वतःही पिकल्या केसांचा. त्यानं कानांवर हात ठेवले. कोटाचं काम माझ्याकडे आलंच नाही, मी पाहिला नाही, मला ठाऊक नाही. बोलताना तो पायाखालचं मशीन थांबवेना. भाच्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की सोमवारी संध्याकाळी कारागीर काखेत कसलंतरी गाठोडं मारून गेला होता. ताई परत खाली. "गाठोड्यात काय होतं?"

"माझे धुवायचे कपडे, मावशी."

"दुकानातून?"

त्यानं मान खाली घातली.

प्राचार्यांना तिनं फोन लावला. कापडासाठी ते हळहळत होते, पण मास्टरांबद्दल वावगा शब्द नाही. उलट हल्ली किती बारकाईनं काम करतात, म्हणाले. पूर्वी नुसती नजर टाकून कापायचे. या खेपेला दुकानावरून जाता-येता हाक मारून पुन्हा पुन्हा माप घेतलं. ताईनं फोन ठेवला आणि रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागली. गिऱ्हाईक चोर नाही. भाचा चोर नाही. कारागीर खोटं बोलतोय, पण परक्या मापाचं कापड नेऊन तो करणार काय?

आणि याखेरीज आणखी काहीतरी तिच्या डोक्यात सकाळपासून भुंग्यासारखं फिरत होतं. भाच्यानं सांगितलेल्या चुकांमध्ये एक चूक बसत नव्हती. कोणती, ते काही केल्या आठवेना. झालं, ती मनाशी म्हणाली, आता आपलीही पिशवी बांधा.

३

दुपारी तिच्या डोळ्याला पाणी सुटलं. मोतीबिंदू काढल्यापासून तो डोळा उन्हात कुरकुर करायचा. तिनं पर्समधून थेंबांची बाटली काढली. धाकटी म्हणाली, दे इकडे. मग चष्मा चाचपायला लागली, चष्मा नव्हता.

भाच्यानं ताईकडे पाहिलं: बघ, मी सांगत होतो ना!

धाकटी मात्र जागच्या जागी उभी राहिली. पुटपुटत तिनं मागचा रस्ता धरला. भांडी घासली तेव्हा होता, मग कपडे काढायला गॅलरीत गेले, मग फोन आला. ती गॅलरीत गेली आणि दोरीवरच्या टॉवेलखालून चष्मा घेऊन आली. "हे असं सारखं होतं बघ," ती रडवेल्या सुरात म्हणाली. "रोज काहीतरी विसरते. आठवतं सगळं मला, काय काय विसरले ते. जीव नुसता खाली-वर होतो."

तिनं ताईची हनुवटी धरली. "वर बघ. हलू नको."

गार थेंब डोळ्यात पडला, आणि ताईच्या डोक्यातला भुंगा थांबला.

हेच वाक्य. याच हातानं धरलेली हनुवटी. फक्त ते ताईचं घर होतं, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि धाकटी तिच्याकडे मुक्कामाला राहिली होती. थेंब घालता घालता फोन वाजला होता. पलीकडे मास्टर: अगं, सकाळपासून गल्लीतली वीज गेलीय, मेणबत्त्या कुठं आहेत? आणि धाकटीनं बाटली हातात तशीच धरून सांगितलं होतं, कपाटाच्या खालच्या खणात, डावीकडे.

ताई ताडकन उठली. थेंब गालावरून ओघळला. खडूंच्या डब्याशिवाय मास्टरांचं रोजचं पान हलत नव्हतं. तो डबा फ्रिजमध्ये सापडला त्या दिवशी धाकटी या घरात नव्हतीच. त्याच्या आधीही कित्येक दिवस नव्हती.

"सकाळचा पहिला चहा कोण करतं?" तिनं विचारलं.

"हे करतात. लग्न झाल्यापासून. का गं?"

ताईच्या मनात जे आलं होतं ते तिला नको होतं.

४

जळालेल्या गोदामात गेल्यावर नवे लोक विचारायचे, काय काय जळालं? ताई विचारायची, काय उरलं? मास्टर दुपारचे आडवे झाले होते, कारागीर चहाला गेला होता. ताई टेबलाखाली वाकली आणि कात्रणांचं पोतं बाहेर ओढलं.

गडद निळी कात्रणं ओळखायला सोपी होती. एक बाजू मऊ झळाळीची, एक बाजू मंद. मंद बाजूवर खडूच्या रेघा. तिनं ती सगळी वेचून खडूची बाजू वर करून टेबलावर पसरली आणि एकमेकांना जुळवायला लागली. कडेला कड, रेघेला रेघ. चष्मा सारखा घसरत होता, पाठ मोडत होती, एक तुकडा तर तिनं तीनदा उचलून तीनदा चुकीच्या जागी ठेवला. पण हळूहळू टेबलावर कापडाचा पन्हा उभा राहिला, आणि कात्रणांच्या मधल्या रिकाम्या जागांत कोट दिसायला लागला. ही पाठ. हे पुढचे दोन भाग, समोरासमोर तोंड करून. ही कॉलर. आणि कडेला, एकाखाली एक, दोन बाह्या.

ती बघत राहिली. बाहीला कोपरापाशी बाक असतो, हातासारखाच. दोन हात दोन दिशांना वाकतात. या दोन्ही रिकाम्या जागा मात्र एकाच दिशेला वाकलेल्या होत्या. तिनं डावा हात वरच्या जागेत ठेवून पाहिला, मग तोच खालच्या जागेत. दोन्हीकडे चपखल बसला. उजवा कुठंच बसेना.

एक तुकडा उलटा करावा तर झळाळीची बाजू आत जाणार. असा कोट कुणी शिवू शकत नाही. म्हणजे कच्च्या शिलाईचा कोट कधी झालाच नव्हता. जो झाला नाही, तो बायकोच्या हातात कुणी देणार कसा?

"ताई, काय करतेयस?"

धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि तिची नजर टेबलावर होती.

५

तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. या टेबलाशी तिनं आयुष्य काढलं होतं. "कापड दुहेरी घालून कापायचं सोडून उघडं कापलं," ती पुटपुटली. "आणि दुसऱ्या बाहीला पुठ्ठ्याचा नमुना उलटा केलाच नाही. शिकायला आलेलं पोर पहिल्या महिन्यात करतं ही चूक." मग तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

कारागीर तेवढ्यात दारात आला. टेबल पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाठोडं त्यानंच नेलं होतं. मास्टर चहा प्यायला वर गेले तेव्हा कापलेले तुकडे त्यानं पाहिले, आणि तसंच कापड मिळालं तर गुपचूप बाह्या बदलू म्हणून तो बाजार पालथा घालत होता. याआधीही त्यानं असं बरंच निस्तरलं होतं. कधी उलटा खिसा, कधी पँटचा आखूड पाय.

"मग काल तोंड का शिवलंस?" ताई कडाडली. "ही उद्या घर सोडून निघाली होती."

"ज्यांनी मला कात्री धरायला शिकवली त्यांचं नाव कसं घेऊ, मावशी?" तो म्हणाला. आणि मग, आणखी हळू आवाजात, "काकू विसरतात हे तर सगळे म्हणतातच. वाटलं, एक आणखी."

ताईला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग आठवलं, दप्तराची गोष्ट आपणही रंगवून सांगत आलो.

तिनं बहिणीसमोर एकेक तुकडा मांडला. खडूचा डबा, जेव्हा तू इथं नव्हतीस. पहाटेचा गॅस, जेव्हा चहा ते करतात. प्राचार्यांचं पुन्हा पुन्हा घेतलेलं माप, कारण आधीचं डोक्यात टिकत नाही. आणि मी दोन साधे प्रश्न विचारले तर दोन्ही वेळा त्यांनी मान तुझ्याकडे वळवली. तू इतकी विसरत असशील, तर ते सगळं तुलाच का विचारतात? तू चष्मा हरवतेस, मी नावं हरवते; आपल्याला वेळ लागतो, पण माग काढत आपण पोचतो. विसरलोय, एवढं तरी आपल्याला कळतं. त्यांना कोट दिल्याचं आठवतं, कारण वर्षानुवर्षं त्यांनी तुझ्या हातात कोट दिलेत. डॉक्टरांनी सगळी हकीकत विचारली ती नेमकी त्यांनाच. मी डॉक्टर नाही, पण तपासायचं कुणाला, एवढं मला कळतं.

धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, दोन्ही हातांनी कात्रणं गोळा केली, पोत्यात कोंबली आणि पोत्याचं तोंड बांधलं. "कोट मी हरवला," ती म्हणाली. "तसंच राहू दे. मी जाते उद्या. त्यांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही."

"जा," ताई म्हणाली. "आणि उद्या पहाटे गॅस कोण बंद करणार?"

धाकटीनं पोत्याची गाठ पुन्हा सोडली. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना. तू फक्त दारात उभी राहा."

६

संध्याकाळचं ऊन खोलीत तिरपं आलं होतं. मास्टर पलंगावर बसून सदऱ्याच्या गुंड्या लावत होते. धाकटी त्यांच्या शेजारी बसली. ताई दाराशी, आणि तिच्या मागं जिन्यावर भाचा. त्याला ताईनं खाली सगळं सांगितलं होतं. तो रडत होता, आवाज न करता.

धाकटीनं आडपडदा ठेवला नाही. बाह्या, खडू, गॅस, सगळं सांगितलं. ताईला वाटलं, आता ते भडकतील, नाहीतर हसण्यावारी नेतील. ते ऐकत राहिले.

"कोट तुझ्या हातात दिल्याचं मला अजून दिसतंय," शेवटी ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. पण तू नाही म्हणतेस, म्हणजे नसेल दिला."

"नाही दिला."

"घरात काहीतरी चुकतंय हे मला कधी कधी कळतं. मधेच कळतं, मग जातं. तू विसरतेस असं सगळे म्हणायला लागले ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, असेल हिचंच."

धाकटीचा चेहरा लाल झाला. बहिणीला इतकं संतापलेलं ताईनं कधी पाहिलं नव्हतं. "आणि मला जाऊ दिलं असतंत? त्या पिशवीसकट?"

मास्टरांनी बायकोकडे पाहिलं. या वेळी उत्तर विचारायला नाही.

"तू परत आली असतीस," ते म्हणाले. "त्यांनीच तपासून सांगितलं असतं, हिला काही झालेलं नाही, घेऊन जा. मला कोण परत पाठवणार होतं?"

भाच्यानं जिन्याच्या कठड्यावर डोकं टेकलं. ताईला एकदम त्यांची भीती वाटली, कीव आली, आणि रागही आला, आणि यातलं कुठलं आधी आलं हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

धाकटीचा राग उतरायला वेळ लागला. उतरलाही नसेल. ती उठली, कोपऱ्यातली आपली बांधलेली पिशवी सोडली आणि साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या. मग पलंगाशी येऊन म्हणाली, "उद्या गाडी येऊ दे. दोघं जाऊ. डॉक्टरांपुढं तुम्ही बसायचं, मी बाजूला बसेन. ते विचारतील त्याची उत्तरं तुम्ही द्यायची. येतील तेवढी. आणि संध्याकाळी माझ्याबरोबर घरी यायचं."

"आणि ठेवून घेतो म्हणाले तर?"

"कोण ठेवून घेतंय ते मी बघते."

मास्टरांनी मान हलवली. गुंड्या लावून झाल्या. एक गुंडी चुकीच्या काजात गेली होती, ती धाकटीनं वाकून काढून नीट लावली. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, आणि मग त्यांनी अगदी सहज विचारलं, उद्या कुठं जायचंय.

धाकटीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.